वारा बघा, तिथी मोजा: ठाणे-नवी मुंबईतला वसंत कसा गाठावा

माघ सरत आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "झाली थंडी, आता उन्हाळाच." ठाण्या-नवी मुंबईला वसंत नाहीच, असं आपण गृहीत धरून टाकलं आहे. मला ते पटत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इथे वसंत असतो, आणि चांगला भरघोस असतो. मात्र तो अख्खा दिवस नसतो. उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचपासून अंधार पडेपर्यंत, असे दोन तुकडे त्याच्या वाट्याला येतात. रविवारी उशिरा उठून, पोहे खाऊन दहाला निघणाऱ्याला ऊन भेटतं आणि तो घरी येऊन सांगतो की यंदा वसंत आलाच नाही.

शिवाय हे दिवस लहरी. मार्चमधल्या पहाटे हवा २०-२१ अंशांवर असते, त्याच दुपारी पारा ३५-३६ वर जातो. एखाद्या दिवशी अंग चिकट होतं, दुसऱ्या दिवशी ओठ फुटतात, आणि मधेच एका संध्याकाळी ढग गडगडतात. या लहरीपणाला कारणं आहेत. ती ध्यानात आली की कुठल्या दिवशी कुठे जायचं हे घरबसल्या ठरवता येतं.

आदल्या रात्री काय बघायचं

आपण हवामानाच्या अॅपवर फक्त उद्याचं कमाल तापमान बघतो. वसंतात तो आकडा सगळ्यात कमी कामाचा. त्याऐवजी आधी वाऱ्याची दिशा बघा, मग दवबिंदू, आणि खाडीकडे किंवा समुद्राकडे जायचं असेल तर तिथी.

वाऱ्यापासून सुरुवात करू. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो, तेच इथे कामाला येतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दिवस वर आला की जमीन तापते आणि वारा उलटतो, समुद्राकडून खारा वारा आत येतो. दुपारी आपल्याला जगवतो तो हाच. तो अकरा-बाराच्या सुमाराला सुरू झाला तर पारा ३३-३४ च्या आसपास थांबतो. पण मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी पूर्वेकडचा कोरडा वारा इतका जोरात असतो की खाऱ्या वाऱ्याला दुपारी दोन-अडीचपर्यंत आत येताच येत नाही. मग पारा उसळतो. मुंबईत सांताक्रूझला मार्चमधलं सर्वाधिक तापमान २८ मार्च १९५६ ला नोंदलं गेलं, ४१.७ अंश. सत्तर वर्षांपूर्वीचा आकडा आहे, म्हणजे असे दिवस काही नवे नाहीत.

ठाण्याला यात आणखी एक भर पडते. आपल्या आणि अरबी समुद्राच्या मध्ये राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत, त्यामुळे खारा वारा आपल्यापर्यंत उशिरा आणि दमून पोहोचतो. पलीकडे कल्याण, बदलापूर, कर्जत तर त्याहून आत. म्हणून कुलाब्याचं तापमान बघून ठाण्याचा बेत आखू नका, दोन-तीन अंश वर धरून चाला.

दवबिंदू हा शब्द अॅपमध्ये कुठेतरी खाली दडलेला असतो, तो शोधा. हवेत बाष्प किती आहे हे तो सांगतो. दवबिंदू १५ च्या खाली असेल तर दिवस कोरडा. २२ च्या वर गेला तर घाम सुकणार नाही. मोबाइल नको असेल तर गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे बघा. सकाळी धुतलेली चादर अकराला खडखडीत वाळली तर पूर्वेचा वारा आहे, दोन वाजता हाताला ओलसर लागली तर खारा.

दमट दिवशी वारा शोधा, कोरड्या दिवशी सावली

या सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपलं अंग घाम वाळण्यातून थंड होतं. हवा कोरडी असेल तर घाम झाडाखाली बसल्या बसल्याही वाळतो, त्रास फक्त उन्हाचा असतो, म्हणून सावली मिळाली की जिवात जीव येतो. असा दिवस येऊर, कर्नाळा, माथेरान यांसाठी. हवा दमट असेल तर मात्र दाट झाडीतच जास्त गुदमरतं, कारण तिथे हवा हलत नाही. त्या दिवशी उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडावर जायचं: वाशीचं सागर विहार, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, पारसिकची टेकडी, उपवन तलावाचा काठ.

पुष्कळ लोक नेमकं उलट करतात. घामाच्या धारा लागल्या की गर्द झाडी गाठतात आणि कोरड्या उन्हात खाडीकिनारी फिरतात. मग दोन्हीकडून थकून येतात.

येऊर: फेब्रुवारीची अखेर ते मार्चअखेर

ठाणेकरांच्या अगदी दाराशी असलेलं जंगल म्हणजे येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे, आणि येऊर ही त्याची ठाण्याकडची बाजू. वसंतात इथे काय बघायचं ते आठवड्यागणिक बदलतं, म्हणून एकदाच जाऊन भागत नाही.

फेब्रुवारीत सुरुवात काटेसावरीची. पानं सगळी गळलेली आणि फांद्यांवर तळहाताएवढी लालभडक फुलं. या झाडाखाली गेलात की चालू नका, थांबा. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा आणि अर्धा तास तिथेच उभे राहा. फुलांतला मध प्यायला साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, हळद्या, शिवाय खारी अशी सगळी मंडळी तिथे येतात. जंगलभर पायपीट करून जेवढे पक्षी दिसत नाहीत, तेवढे सकाळी सात ते साडेआठ या वेळात एका सावरीवर दिसतात. पांगारा आणि पळस त्याच सुमाराला फुलतात. पळसाचे मोठे पट्टे बघायचे असतील तर शहापूर, मुरबाडच्या बाजूला जावं. तिथले माळ होळीच्या आसपास केशरी झालेले असतात.

मार्च लागला की नजर फुलांवरून पानांवर न्या. कुसुंबाची नवी पालवी इतकी लाल असते की लांबून फुलोराच वाटतो. पिंपळाची कोवळी पानं गुलाबी-तांबूस निघतात, करंज पोपटी होतो. करवंदाच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि त्यांचा वास पहाटेच्या थंड हवेत रेंगाळतो. ऊन चढलं की तो विरतो. कांडोळ या दिवसांत पानांविना असतो, त्याची पांढरट-गुलाबी गुळगुळीत साल ओळखायला हीच वेळ. मार्चच्या उत्तरार्धात मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात. पाड्यांवरच्या बाया ती वेचायला येतात, त्यांच्या कामात मधे मधे करू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

जाताना उजाडल्यावरच आत शिरा. वनखात्याच्या चौकीवर आत जायची परवानगी कुठपर्यंत आहे ते विचारा आणि तिथून पुढे जाऊ नका. हा बिबट्याचा मुलूख आहे. एकट्याने जाऊ नये, लहान मुलांना पुढे पळू देऊ नये, झुडपाआड खाली वाकून बसू नये. साध्याच गोष्टी आहेत, पण पाळायच्याच. नऊच्या आत परत फिरा. परतताना पायथ्याशी आदिवासी बायांकडे त्या त्या दिवसाचा रानमेवा मिळतो, भाव न पाडता घ्या.

खाडी: इथे घड्याळ नव्हे, तिथी चालते

ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आता सगळ्यांना ठाऊक आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरात येऊ लागतात आणि मेच्या अखेरीपर्यंत असतात, तेव्हा वसंत हा त्यांचा भर हंगाम. छोटा रोहित अधिक गडद गुलाबी, थोरला रोहित उंच आणि पांढुरका. खाडीच्या चिखलातलं नील-हरित शेवाळ हे छोट्या रोहितचं मुख्य अन्न, त्याच्या पिसांचा रंगही त्यातूनच येतो. २०१५ मध्ये सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

तरीही रविवारी सीवूड्सला जाऊन रिकामं पाणी बघून परतणारे खूप भेटतात. त्यांची वेळ चुकलेली असते. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी तिथे पांगून खात असतात, काठापासून फार लांब. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि थवे उठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर, डीपीएस तलाव, टीएस चाणक्यच्या मागची बाजू, एनआरआय वसाहतीजवळ, विसाव्याला येतात. म्हणून काठावरून बघायचं असेल तर भरतीच्या आधी तासभर पोहोचा आणि नंतर तासभर थांबा.

भरती कधी, हे कोळीवाड्यात कुणालाही विचारा. तिथे जुना हिशेब आहे: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, जे येईल तेवढे वाजता भरती. दशमी असेल तर दहा त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि दुसरी साधारण साडेबारा तासांनी, रात्री आठच्या आसपास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, भरती सव्वाअकराला येते. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत हाच हिशेब चालतो. मिनिटाचं गणित हवं असेल तर भरतीची छापील वेळापत्रकं आहेत, पण घरच्या कॅलेंडरवरून बेत आखायला हे पुरतं.

आता हे वसंताच्या तासांशी जोडून बघा. आपल्याला भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान हवी. म्हणजे दशमी, एकादशी, द्वादशी. महिन्यातून दोनदा हे तीन दिवस येतात, तेच सीवूड्ससाठी राखून ठेवा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं चढत नाही, पुष्कळदा चिखल उघडाच राहतो आणि पक्षी खाडीतून हलत नाहीत. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात चढतं, पण तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं.

पक्षी जवळून बघायचे तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनखात्याची बोट जाते. बोटीच्या वेळा भरतीवर ठरतात आणि हंगामात सुट्टीच्या दिवसांच्या जागा लवकर भरतात, तेव्हा आधीच नोंदणी करून जा. बोटीत सावली असली तरी पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन तोंड भाजून काढतं. टोपी ठेवाच, आणि लहान मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

काठावर असताना चिखलात पाय घालू नका. वरून घट्ट दिसणारा गाळ गुडघ्याच्या वर आत घेतो. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणं, दगड टाकणं, ड्रोन सोडणं यातलं काहीही करू नका. हे पक्षी मेअखेर लांबच्या प्रवासाला निघतात, त्याआधी त्यांना पोटभर खाऊन ताकद साठवायची असते, आणि आपल्या करमणुकीसाठी घेतलेलं प्रत्येक उड्डाण त्यातून वजा होतं.

पारसिक, खारघर, कर्नाळा

बेलापूरची पारसिक टेकडी संध्याकाळची. पाच-साडेपाचला वर गेलात तर खारा वारा समोरून येतो आणि खाली खाडी दिसते. खारघरच्या टेकडीवर मात्र सावली जवळपास नाही, पांडवकड्याचा धबधबा या दिवसांत कोरडा असतो. तिथे पहाटेच जावं आणि आठला उतरावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये या टेकड्यांवरचं गवत काडीसारखं वाळलेलं असतं, वणवे लागतात, आणि बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. बिडी-सिगारेट, चूल, फटाका, काहीच नको. आग दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

कर्नाळा अभयारण्य पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच आहे. क्षेत्र छोटं, १२ चौरस किलोमीटरच्या आसपास, पण १९६८ पासून राखलेलं. किल्ल्याची वाट बरीचशी झाडीतून जाते म्हणून कोरड्या दिवसाला उत्तम. स्वर्गीय नर्तक, तांबट, कुटुर्गे यांचे आवाज ऐकत सावकाश चढा. वर अंगठ्यासारखा जो सुळका आहे, त्याच्या कड्याला आग्यामोहोळं असतात. अत्तर लावून, आरडाओरडा करत किंवा धूर करत वर जाणं म्हणजे संकटाला बोलावणं. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-डोकं पंच्याने झाका आणि झाडीतून खाली पळत सुटा.

घाटमाथा आणि देश

कोकणपट्टीतला वसंत दोन-तीन वेळा बघून झाला की सह्याद्री चढा. उंची वाढते तशी हवा निवते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. माथेरान ८०० मीटरवर आहे, म्हणजे नेरळ स्टेशनापेक्षा पाचेक अंश थंड. ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल धरली तर नऊच्या आत वर पोहोचता येतं. मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे तांबड्या मातीच्या वाटा आणि गर्द सावली. मार्च-एप्रिलमध्ये अंजनीला निळी-जांभळी फुलं लागतात, फांदीला अगदी चिकटून, त्यामुळे लांबून कुणी रंग शिंपडल्यासारखं दिसतं. माथेरानमध्ये ही झाडं भरपूर आहेत. त्यासाठी पॉइंटची गर्दी सोडून आतल्या वाटा धरा. दुपारी मुक्काम झाडीत ठेवा आणि कड्यावर साडेचारनंतर या, तेव्हा कोकणातून वारा वर चढत असतो.

देशाची हवा वेगळीच. कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाट चढून जुन्नरकडे उतरलात की एका तासात हवा बदललेली जाणवते. तिथे पहाटे अंगावर काहीतरी घ्यावं लागतं आणि दुपारी ऊन चटके देतं, पण सावलीत आलं की लगेच बरं वाटतं. ठाण्याचा माणूस इथे एका गोष्टीत फसतो: घाम दिसत नाही म्हणून तो पाणी पीत नाही. घाम येतच असतो, फक्त येताक्षणी वाळतो. तहान लागो न लागो, दर अर्ध्या तासाला चार घोट घ्या. ओठांना तूप लावा.

जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर गाडीने जाता येतं. सातवाहनकालीन लेणं, त्यातले ब्राह्मी लेख आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी तिथे आहेत. वसंतात ही वरची वाट बरी. वैशाखऱ्याकडून खालून चढायचं असेल तर उजाडताच निघून साडेनवाच्या आत लेण्यात पोहोचायला हवं. आसनगावजवळचा माहुली तर मार्च मध्यानंतर पावसाळ्यापर्यंत सोडूनच द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. चढ मोठा, पाणी भरवशाचं नाही आणि कातळ तापलेला.

अलिबागचा किनारा

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, नाहीतर पेणमार्गे रस्ता. समुद्र सकाळी शांत असतो आणि दुपारी तीननंतर वायव्येचा वारा सुटतो, लाटा उठतात, रेती उडते. पोरांना पाण्यात खेळवायचं असेल तर ते सकाळीच.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. पुन्हा तोच हिशेब: भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे पहाटेच्या भरतीनंतरची ओहोटी सकाळी सव्वाआठ-साडेआठला. उधाण नुकतंच सरलेलं असल्याने पाणीही लांबवर मागे जातं. तृतीया-चतुर्थी हे किल्ल्याचे दिवस. ओहोटी पूर्ण होण्याआधी अर्धा तास निघा, आत तासभर फिरा आणि पाणी फिरायला लागलं की बाहेर या. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारा. परतायची वेळ ते अचूक सांगतात.

अवकाळी पाऊस आला तर

मार्च-एप्रिलमधला अवकाळी बहुधा दुपारनंतर येतो. सकाळपासून विचित्र उकाडा, दुपारी पूर्वेला सह्याद्रीवर फुलकोबीसारखे चढत जाणारे ढग, मग वारा एकदम पडतो आणि काही मिनिटांत धुळीसकट गार झोत येतो. एवढं दिसलं की बेत गुंडाळायचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं 'दामिनी' अॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते असावं. रेंज नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तितके किलोमीटर ती लांब आहे. पण गडगडाट ऐकू आला म्हणजेच तुम्ही टप्प्यात आहात. धार, बुरूज, एकटं झाड, तलावाचा काठ सोडा, छत्री मिटा, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. शहरात असाल तर होर्डिंगखाली आणि जुन्या झाडांखाली आसरा घेऊ नका.

या पावसाने आंब्याचा मोहर आणि कैऱ्या झडतात, देशावर गारांनी द्राक्षबागा आडव्या होतात, म्हणून त्याचं स्वागत मला करवत नाही. पण तो पडून गेलेला असला तर दुसऱ्या दिवसाची पहाट मात्र घरात घालवू नका. हवेतली धूळ बसलेली असते. त्या सकाळी पारसिकवरून जेवढं लांबचं दिसतं, तेवढं एरवी महिनाभर दिसत नाही.

ऊन लागणं

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. भर दुपारपर्यंत लोक उन्हात बसून होते आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. नवी मुंबईकरांनी हा दिवस विसरू नये. किनारपट्टीवर हवामान खातं ३७ अंशांपासूनच, सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर, उष्णतेची लाट धरतं. मैदानी भागात तो उंबरठा ४० चा आहे. कारण दमट हवेत कमी तापमानही शरीराला जड जातं.

पोटरीत गोळे, डोकं दुखणं, मळमळ ही पहिली खूण. सावलीत बसवा, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घोट घोट द्या, आणि त्या दिवसापुरतं फिरणं थांबवा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवा, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

पिशवीत काय

सुती पंचा, प्रत्येकासाठी एक. हा ओला करून मानेवर टाकता येतो, डोक्याला बांधता येतो, माश्यांपासून तोंड झाकता येतं. सकाळच्या फेरीला माणशी लिटरभर पाणी, डोंगराला अडीच-तीन. मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी, पण जंगलात ती टाकून यायची नाही. दमट दिवशी जाड सुती शर्ट भिजून अंगाला चिकटतो, पातळ ढगळा बरा. गॉगलपेक्षा रुंद काठाची टोपी आधी घ्या.

खाण्याचं म्हणाल तर निघताना जड काही नको. भाकरी-चटणी, काकडी, उकडलेले शेंगदाणे, आणि परत आल्यावर ताक किंवा कोकम सरबत, त्यात मीठ विसरू नका. मार्चपासून ताडगोळे येतात, ते कोवळे बघून घ्या. चैत्रात घरोघरी हळदीकुंकवाला पन्हं आणि कैरीची डाळ असते. उन्हातून आल्यावर पन्ह्याइतकं दुसरं काही उतारा देत नाही.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना न्यायचं असेल तर लांबचा बेत करू नका. कचराळी तलाव, मासुंदा, खारघरचं सेंट्रल पार्क इथे सकाळी साडेसहा ते आठ किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर जा. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर फिरण्याच्या दिवसांत पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारून घ्या. मुलांना दर वीस मिनिटांनी आपण होऊन पाणी द्या, खेळाच्या नादात ती मागत नाहीत. एप्रिलच्या मध्यानंतर सकाळचा तुकडा आठलाच संपतो, तेव्हा घरातून निघायची वेळ तासभर अलीकडे आणा.